खेटलेले राजे

"हा आकडा कशाचा?" इन्स्पेक्टर इंगवल्यांनी मुनीरचा पेजर टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"बुद्धिबळाचा," मी म्हटलं.

"बुद्धिबळात आकडे कधीपासून आले?"

"आम्ही आणले, साहेब."

हे मी जरा तोऱ्यातच म्हटलं. ठाणं असो की आणखी कुठं, तोंड गप्प राहील तर शपथ. स्वभावच तसा होता माझा, आणि आता पन्नाशी उलटली तरी फारसा निवळलाय असं नाही. ठाणं कुठलं ते सांगत नाही. अजून आहे तिथंच, आता बाहेरून गुलाबी रंग दिलाय.

शहरात सोमवारी बस स्टँडवर गावठी बॉम्ब फुटला होता. दोन माणसं गेली होती. मंगळवारी जिकडंतिकडं नाकाबंदी. मुनीर मुजावर, म्हणजे कॉलेजात चार वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर बसलेला माझा मित्र, संध्याकाळी कॉम्प्युटर क्लास संपवून लूनावरून घरी निघाला होता. पोलिसांनी लायसन मागितलं, नाव वाचलं, आणि नेमका त्याच क्षणी त्याच्या खिशातला पेजर थरथरला. तो नुसते आकडे दाखवणारा स्वस्तातला पेजर होता. काचेवर दहा आकडे उमटले. हवालदार पिसाळांना वाटलं फोन नंबर असेल, म्हणून त्यांनी समोरच्या एसटीडी बूथमधून तो फिरवला. पलीकडून बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. नाव मुजावर आणि पेजरवर अस्तित्वात नसलेला नंबर. झालं, गाडीत घातला त्याला.

बुधवारी सकाळी त्याची आई माझ्या दारात. तिला घेऊन मी थेट ठाण्यावर आले. ती बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली. "शुभदा, तू शिकलेली आहेस ग. तू सांगितलंस तर ऐकतील," एवढंच परत परत म्हणत होती.

मी पर्समधून माझा पेजर काढून त्याच्या पेजरशेजारी ठेवला. "बघा. हाच आकडा, त्याच वेळेला, मलाही आलाय. आमच्या क्लासातल्या मशीनला मोडेम लावलाय. ते रोज संध्याकाळी आम्हा दोघांना एक कोडं पाठवतं."

इंगवल्यांनी दोन्ही पेजर उचलून पाहिले. माणूस आरडाओरडा करणारा नव्हता. चष्मा पुसून पुसून बोलायचा.

"म्हणजे तुमच्याकडंही तोच निरोप आला," ते म्हणाले. "हे तुम्ही आपणहून सांगताय, मॅडम. विचार करून सांगताय ना?"

"निरोप नाही हो, कोडं! पटावर पाच सोंगट्या. दोन राजे, दोन हत्ती, एक पांढरं प्यादं. कुठली कुठं आहे, ते सगळं ह्या एका आकड्यात असतं."

"आणि ह्या आधीच्या निरोपांत हे एक, शून्य, शून्य, एक? हे काय आलंय मध्ये मध्ये?"

"ती आधीच्या कोड्यांची आमची उत्तरं, एकमेकांना पाठवलेली. एक म्हणजे पांढरा जिंकतो, शून्य म्हणजे बरोबरी."

"म्हणजे काम झालं आणि काम नाही झालं."

"साहेब, तुम्ही उगाच..."

"उगाच नाही. बस स्टँडवर मी स्वतः गोळा केलीत माणसं." त्यांनी चष्मा पुसला. "ऐका. संध्याकाळी मुंबईहून पथक येतंय. ते त्याला घेऊन गेले की माझ्या हातात काही राहत नाही. त्या कलमाला जामीन नाही. त्याच्या आत मला पटलं, तर मी त्याला सोडतो. मला बुद्धिबळ येतं. पट मागवतो, तुम्ही हा आकडा माझ्यासमोर मांडून दाखवा."

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, मनात म्हटलं, गंगेत घोडं न्हालं. काल रात्री बॉम्बच्या बातम्यांत ते कोडं मांडायचं राहूनच गेलं होतं, पण भागाकारच तर करायचे होते.

पट पोलीस क्लबातून आला. एक काळा हत्ती हरवलेला होता, त्याच्या जागी पिसाळांनी शाईच्या बाटलीचं बूच दिलं. तेवढ्यात मी इंगवल्यांना पद्धत समजावली. पटावर चौसष्ट घरं. पांढऱ्या राजाला चौसष्ट जागा. काळ्या राजाला त्रेसष्ट, कारण एक घर गेलं. पांढऱ्या हत्तीला बासष्ट, काळ्याला एकसष्ट, प्याद्याला साठ. शिवाय खेळी कुणाची, त्याचे दोन. सगळ्यांचा गुणाकार केला की जेवढे पट होतात, तेवढे नंबर. प्रत्येक पटाला आपला नंबर, मध्ये एकही रिकामा नाही.

"पण एवढा खटाटोप कशाला?"

"मशीनची मेमरी एवढीशी असते, साहेब. प्रत्येक पटाचं उत्तर साठवायचं तर प्रत्येकाला एक खण लागतो. खण मोजूनमापून वापरावे लागतात. मुनीर तर एकेका खणासाठी जीव टाकतो. परवाच भांडला माझ्याशी, म्हणाला, कुंटे, अजून किती जागा फुकट जातेय बघ."

"फुकट कशी?"

"दोन राजे कधी एकमेकांना खेटून उभे राहू शकत नाहीत. प्यादं पहिल्या किंवा शेवटच्या ओळीत असू शकत नाही. पण आमच्या आकड्यांत असल्या पटांनाही नंबर आहेत. ते गाळायचे राहिलेत. अर्थात मशीन तसला आकडा कधी पाठवत नाही, आधी तपासून घेतं."

हे सगळं मी आपण होऊन सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

मग कागद घेतला आणि भागायला लागले. दोनानं भागलं, बाकी काही नाही, म्हणजे खेळी पांढऱ्याची. साठानं भागलं, बाकीवरून प्यादं. एकसष्टानं काळा हत्ती, बासष्टानं पांढरा, त्रेसष्टानं काळा राजा, उरला तो पांढरा राजा. एकेक सोंगटी ठेवत गेले. शेवटचा राजा ठेवला आणि हात तसाच राहिला.

दोन्ही राजे एकमेकांना खेटून उभे होते. प्यादं शेवटच्या ओळीत.

इंगवल्यांनी मान वाकडी करून पाहिलं. "राजाला राजा? असं नसतं म्हणालात ना आत्ताच?"

"भागाकार चुकला असेल. थांबा."

परत भागलं. तेच आलं. तिसऱ्यांदा भागायला घेतलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "हवं ते उत्तर येईपर्यंत भागणार का? आमच्याकडंही तशीच पद्धत आहे, मॅडम. खाली."

तरी मी तिसऱ्यांदा भागलं. राजे खेटूनच.

"बरं, आता हे करा," त्यांनी कागदावर एक आकडा लिहिला. "हा."

मी भागलं, मांडलं. राजे चार घरं लांब, प्यादं पाचव्या ओळीत, मागं पांढरा हत्ती. असा सुरेख पट की आम्ही आपण होऊन कोडं म्हणून निवडला असता. "हा बरोबर आहे!" मी ओरडलेच. "बघा, हा आला! कुठला डाव आहे हा?"

"माझ्या घरचा फोन नंबर आहे तो," इंगवले म्हणाले. "एसटीडी कोडसकट."

खोलीत पंखा करकरत होता. पिसाळ भिंतीकडं तोंड करून हसले असावेत, खांदे हलले त्यांचे.

"माझ्या घरच्या फोनचा पट होतो. उद्या रेशनकार्डाचा होईल, गाडीच्या नंबरचा होईल. होत नाही तो फक्त ह्या पेजरवरच्या आकड्याचा. मग तुम्ही मला काय सिद्ध करून दाखवलंत?"

एकही नंबर रिकामा नाही, ह्याचाच आम्हाला केवढा अभिमान होता! आणि नेमकं तेच आता गळ्याशी आलं होतं. पण डोकं असं की घाबरलं तरी चालत राहतं. मी म्हटलं, "साहेब, एक करा. हाच तुमचा फोन नंबर मुनीरला द्या. मी इथं काय मांडलंय ते त्याला दाखवू नका. तो खाली मांडू दे. दोघांचे पट जुळले, तर ही पद्धत आमच्यात आधीपासून आहे, मी आत्ता बनवून सांगत नाही, हे तरी पटेल?"

इंगवल्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"हे मात्र बरोबर बोललात," ते म्हणाले. "पिसाळ, क्लबातून दुसरा पट घ्या. त्याला एवढंच सांगा, बाई वर बसल्यात, त्यांनी हा आकडा मांडलाय, तू पण मांड. बाकी अक्षर बोलायचं नाही. जुळलं तर मी आत्ता सोडतो त्याला."

पिसाळ गेले. मी बाहेर येऊन मुनीरच्या आईजवळ बसले. तिचा हात हातात घेतला. "आता सुटेल, चाची. अर्ध्या तासात घरी न्या त्याला." ती डब्याचं झाकण उघडून बघायला लागली, गार झालं असेल म्हणून. मी मनातल्या मनात मुनीरचे भागाकार करत होते. तो माझ्यापेक्षा चलाख होता, त्याला कागदही लागायचा नाही. दोनानं, साठानं, एकसष्टानं. चुकणार नाही. मुनीर आकड्यात चुकत नाही.

पिसाळ जिना चढून आले ते दोन्ही हातांनी पट धरून, सोंगट्या हलू नयेत म्हणून पावलं जपून टाकत. देवाचं ताट आणावं तसा आणला त्यांनी. मला त्या माणसाचं तेव्हा प्रेमच वाटलं.

"लई वेळ लागला," ते साहेबांना म्हणाले. "त्याला पेन धरायला जमत न्हवतं. त्यो तोंडानं सांगत गेला, मी लिहीत गेलो."

पेन धरायला का जमत नव्हतं, हे मी विचारलं नाही. मी दोन्ही पट शेजारीशेजारी पाहिले.

जुळत नव्हते. एकही सोंगटी जुळत नव्हती. माझा पांढरा राजा खालच्या कोपऱ्याकडं, त्याचा पटाच्या मध्याजवळ. माझं प्यादं पाचव्या ओळीत, त्याचं दुसऱ्या. आणि त्याचा पटही सुरेखच होता, नियमात बसणारा.

मी खुळ्यासारखी बघत राहिले. मुनीर चुकणार नाही, मीही चुकलेले नाही. मग हे कसं? आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं ते राहिलेलं काम करून टाकलं होतं! खेटलेले राजे आणि पहिल्या-शेवटच्या ओळीतली प्यादी गाळली होती. प्याद्याला आता साठ नाही, अठ्ठेचाळीसच घरं. नंबर सगळे बदलले होते. पेजरवरचा आकडा नव्या पद्धतीचा होता, आणि मी जुनीच पद्धत धरून बसले होते.

"साहेब, त्यानं पद्धत बदललीय! सुधारलीय! मला सांगायचं राहिलंय त्याचं. मला दहा मिनिटं द्या, मी नव्या पद्धतीनं मांडते, पेजरवरचा आकडासुद्धा नीट येईल..."

"किती पद्धती आहेत तुमच्या?"

"दोनच!"

"तिसरी लागेल तेव्हा तिसरी काढाल." ते रागावले नव्हते, ह्याचंच मला जास्त भय वाटलं. दमलेले दिसत होते. "मॅडम, मी तुम्हाला सकाळपासून ऐकतोय. तुम्ही म्हणालात, खेटलेले राजे मशीन पाठवत नाही. पाठवले. म्हणालात, दोघांचे पट जुळतील. जुळले नाहीत. आता म्हणताय, बदललं म्हणून जुळले नाहीत. ह्याच्यावर मी पथकाला काय सांगू? तुम्ही घरी जा. तुमचं नाव मी आत्ता कुठं लिहीत नाही, एवढंच माझ्या हातात आहे. एका मुजावरबरोबर रोज पेजर चालतो, हे तुमच्या घरी माहीत आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

"मग त्यांना सांगा, आजपासून बंद."

मी कागद ओढून भागायला लागले तर पिसाळांनी पट उचलून नेले. मी भांडले, रडले, साहेबांच्या टेबलावर हात आपटला. शेवटी एका महिला शिपायानं मला दंडाला धरून बाहेर बसवलं. नव्या पद्धतीत राजांच्या जोड्या त्यानं कुठल्या क्रमानं लावल्या होत्या, हे तरी मला कुठं माहीत होतं? दहा मिनिटं दिली असती तरी मला ते आलं नसतं. हेही मला बाकावर बसल्यावरच कळलं.

उन्हं कलली तेव्हा मुंबईच्या गाड्या आल्या. मुनीरला खालून वर आणलं. उजवा हात त्यानं पोटाशी धरला होता, ओठ सुजला होता. त्याची आई डबा घेऊन धावली, तिला अडवलं. माझ्याजवळून नेताना त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. आणि चक्क हसला. कॉलेजात पेपर देऊन बाहेर आल्यावर हसायचा तसा.

"जुळलं ना, कुंटे?" तो म्हणाला.

तो गाडीत चढेपर्यंत मागं माझ्या तोंडाकडं बघत होता, आणि बघता बघता त्याचं हसू गेलं.

खटला आठ वर्षं चालला. मुनीरनं म्हणे कबुलीजबाब दिला होता, खाली सही त्याची होती, डाव्या हाताची. मी साक्ष द्यायला गेले, तर सरकारी वकिलानं मला एकच विचारलं: "दोघांचे पट जुळले होते का? हो की नाही?" शेवटी पुराव्याअभावी तो निर्दोष सुटला. कोर्ट म्हणालं, आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. हे ऐकायला त्याची आई नव्हती. ती आदल्या वर्षी गेली.

तो मिरजेला मामाकडं राहायला गेला. स्टेशन रोडला झेरॉक्सचं दुकान टाकलं. कॉम्प्युटरला परत हात लावला नाही, पटालाही नाही. मी बरेच दिवस धीर करत होते आणि एका दुपारी गेले. त्यानं स्टूल पुसून दिलं, समोरून चहा मागवला. केस पांढरे झाले होते. उजव्या हाताची दोन बोटं वाकायची नाहीत, कागद तो डाव्या हातानंच लावायचा.

इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मला राहवेना. "मुनीर, तू पद्धत बदललीस ते मला सांगितलं का नाहीस रे?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "सांगितलं की."

"कधी?"

"तोच तर आकडा होता तो." तो अगदी सहज म्हणाला. "त्या दिवशी मशीननं नाही, मी निवडला होता. नवी पद्धत पूर्ण झाली म्हणून खुशीत होतो. खणांचा तिसरा हिस्सा वाचला होता, माहितीये? म्हटलं, कुंटेला सरळ सांगण्यात काय मजा? दुपारभर बसून असा आकडा हुडकला, की जुन्या पद्धतीनं उलगडला तर दोन्ही राजे खेटतील आणि प्यादं शेवटच्या ओळीत जाईल. म्हटलं, ती घरी जाऊन मांडेल, दोन मिनिटं मला शिव्या घालेल, आणि मग तिला कळेल की मुजावरनं काम केलं."

इंगवले त्या आकड्याला निरोप म्हणत होते आणि मी त्यांच्याशी हुज्जत घालत होते.

"खाली हवालदार पट घेऊन आला," मुनीर पुढं म्हणाला, "तेव्हा मी आधी हाच विचार केला. जुन्या पद्धतीनं मांडू का नव्या? नीट विचार केला, कुंटे. तिथं दुसरं काही सुचत नव्हतं, पण हे सुचलं. म्हटलं, तिनं साहेबाला आधी पेजरवरचाच आकडा मांडून दाखवला असणार. राजे खेटलेले बघितले असणार. म्हणजे तिला कळलं. आता ती नव्याच पद्धतीनं मांडणार. दुसऱ्या कुणाचा भरवसा नव्हता, पण तू बघितल्यावर तुला कळणारच." त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "कळलं होतं ना?"

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. त्याच्या तोंडाकडं बघून जमलं नाही.

"मला वाटलं, माझा भागाकार चुकला," मी म्हटलं.

दुकानात एक गिऱ्हाईक आलं, हातात रेशनकार्ड होतं. मुनीरनं उठून ते डाव्या हातात घेतलं, मशीनचं झाकण उघडलं आणि विचारलं, "किती कॉपी काढू?"